दोन बोटं समास

एकोणीसशे एकोणसत्तर सालची गोष्ट. परकं सरकार जाऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती आणि मी एकवीस वर्षांची होते. साल पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी नगरपालिकेने जन्ममृत्यूच्या आणि जमिनीच्या जुन्या नोंदवह्या नव्याने बांधून घ्यायचं ठरवलं, आणि त्याच वर्षी ते पुस्तक आमच्या गावात येऊन पोहोचलं.

बाबा पुस्तकं बांधायचे. आमचं दुकान म्हणजे रस्त्याकडची एक खोली. मागे दोन खोल्या राहायला. आई मी चार वर्षांची असताना गेली. घर आत्या सांभाळायची, दुकान बाबा, आणि मी दोन्हीकडे लुडबुड करत मोठी झाले. खोलीच्या मधोमध लांब टेबल होतं. भिंतीशी लाकडी शिकंजा. त्यात पुस्तकं आवळून ठेवायची. खिडकीखाली माझं शिवणीचं स्टूल. सकाळी खळ शिजायची आणि तिचा कोमट, पिठूळ वास दुपारपर्यंत कपड्यांना राहायचा. आता बाजारात तयार डिंक मिळतो, त्याला कसलाच वास नसतो. चांगलंच आहे म्हणा. पण त्या वासाशिवाय मला सकाळ झाल्यासारखी वाटत नाही, अजूनही.

शिवणीचं काम माझं. पुस्तकाची पानं सोळा-सोळांच्या गड्ड्यांनी येतात. त्या गड्डीला आम्ही जुज म्हणायचो. एकेक जुज उघडायचा, कण्यातून सुई घालायची, बाहेर काढायची, खालच्या जुजाला गाठ मारायची. एक जुज पुढेमागे झाला तर सगळं पुस्तक उसवावं लागतं. म्हणून शिवताना मी मनात मोजत असायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याचं टोक दातांत धरलेलं असायचं. त्या वेळी कोणी कितीही गोड हाक मारली तरी मी मान वर करायची नाही. आत्या म्हणायची, "हिच्या लग्नातही ही मंडळींना तोंड उघडून दाखवणार नाही, दोरा पडेल म्हणून."

सहासष्ट साली एक प्रवासी आमच्या गावात अकरा दिवस राहिला. गेलेल्या सरकारच्या देशातला. स्टेशनजवळच्या लॉजवर उतरला होता, उंच, उन्हाने लाल झालेला, आणि सदा वहीत काहीतरी खरडत असायचा. आत्याने त्याचं नावच वहीवाला ठेवलं. त्या वहीचा कणा उसवला म्हणून तो आमच्या दुकानात आला. बाबांनी तासाभरात वही शिवून दिली आणि काही घेतलं नाही. मग तो आणखी दोन दुपारी येऊन कागदाच्या गठ्ठ्यावर बसला. आत्याने चहा दिला. बाबा पोरवयात परक्या सरकारच्या छापखान्यात बांधणी शिकले होते; तिथले चाळीसेक शब्द त्यांच्या तोंडात राहिले होते. त्या भाषेतली अक्षरं ते पुस्तकाच्या पाठीवर ठसवायचे, पण आकार बघून. वाचता त्यांना येत नव्हती. वहीवाल्यालाही आमचे वीस-पंचवीस शब्द येत. एवढ्या भांडवलावर दोघांनी तीन दुपारी गप्पा मारल्या, हातवारे करून.

मला ती भाषा चांगली येत होती. शाळेत शिकले होते आणि बांधायला येणारं प्रत्येक पुस्तक वाचत होते. पण वहीवाल्याने मला कधी काही विचारलं नाही, आणि मी तिन्ही दिवस शाळेची नकाशांची पुस्तकं शिवत होते. एकदा बाबा चामड्याचा तुकडा त्याच्या नाकापुढे नाचवून म्हणाले, "तेव्हा चामडं चांगलं. आता चांगलं नाही. आता कागद!" म्हणजे हल्लीचा व्यापारी चामड्याच्या नावाखाली कागद गळ्यात मारतो. वहीवाल्याने मान हलवून ते टिपून घेतलं. बाबांना खळीची वाफ लागली की डोळ्यांना पाणी यायचं. ते त्यांनी बाहीने पुसलं. मला दोरा सोडून सांगता आलं असतं. तेविसावा जुज होता, मी सांगितलं नाही.

तीन वर्षांनी त्याचं पुस्तक वाचनालयात आलं. एक प्रकरण सबंध आमच्या गावावर. ग्रंथपालांनी चौदा दिवसांची मुदत तीन दिवसांवर आणली तरी यादी संपेना. ज्यांना भाषा येत होती ते न्हाव्याच्या दुकानात बसून इतरांना अर्थ सांगत. ज्याचा त्यात उल्लेख त्याला राग, ज्याचा नाही त्याला त्याहून जास्त. आमच्या दुकानात मात्र त्याविषयी कोणी बोलेना. गिऱ्हाईक यायचं, बाबा विचारायचे, "माझ्याबद्दल लिहिलंय म्हणे?" की त्याला एकदम घरचं काम आठवायचं. यादीत माझा नंबर चौसष्टावा होता.

पाच महिन्यांत पुस्तकाचा कणा मोडला. ग्रंथपाल स्वतः ते कागदात गुंडाळून घेऊन आले. कडक माणूस; पुस्तकात पेन्सिलची रेघ दिसली तरी दंड करायचे.

"बाइंडर, हे नीट बांधा. आणि कडा जरा खोल कापा. दोन बोटं. लोकांनी समासात घाण करून ठेवलीय."

"दोन बोटं म्हणजे फार होतं, साहेब. अक्षराला लागेल."

"लागू दे, नाहीतर राहू दे. ती घाण गेली पाहिजे." आणि माझ्याकडे न बघता गेले.

बाबांनी हात पुसले, खुर्ची ओढली, आत्याला आतून हाक मारली. "ये गं, वहीवाल्याने काय लिहिलंय ऐकू. वाच, बाळ."

मी पान शोधलं. समासांत बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलेलं होतं, पण माझे डोळे छापील ओळींवर होते. तिथे लिहिलं होतं की एका काळोख्या खोलीत एक म्हातारा निघून गेलेल्या धन्यांची पुस्तकं अजून बांधत बसला आहे. ती आता इथे कोणी वाचत नाही. त्या दिवसांची आठवण निघाली की तो ढसाढसा रडतो. 'तेव्हा सगळं चांगलं होतं,' असं तो मला म्हणाला.

बाबा तेव्हा बावन्न वर्षांचे होते. खिडकीतून ऊन थेट त्यांच्या टकलावर पडलं होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"तो म्हणतो," मी म्हटलं, "की या गावात त्याला एक कारागीर भेटला."

"हं."

"आणि त्याच्याइतकी नेटकी शिवण त्याने कुठे पाहिली नाही. त्याच्या देशातसुद्धा."

"एवढंच? पान तर सबंध भरलेलं दिसतंय."

"सांगते ना. मग म्हणतो, या माणसाच्या हातांना पुस्तकं ओळखतात. अंधारातसुद्धा तो कुठलं पान कुठलं ते सांगेल."

"अंधारात कशाला सांगेन मी?" बाबा म्हणाले, पण खूश झाले होते.

आत्या पदराला हात पुसत पुढे सरकली. "माझ्याबद्दल काही?"

"आहे की. चहा."

"काय चहा?"

"म्हणजे असा चहा त्याने... अकरा दिवसांत दुसरीकडे कुठे घेतला नाही."

"बघ दादा! आणि तू म्हणतोस दूध कमी."

बाबा म्हणाले, "हातांचं परत वाच."

मी परत वाचलं. खोटं एकदा बोलणं सोपं; जसंच्या तसं दुसऱ्यांदा बोलायला अक्कल लागते. बाबांनी भुवया वर केल्या. "मघाशी 'सोन्याचे हात' नव्हतं म्हणालीस."

"ते... खालच्या ओळीत आहे."

त्या संध्याकाळी बाबा पान खायला कोपऱ्यापर्यंत गेले आणि एक तासाने परतले. नगरपालिकेचा कारकून भेटला होता. नोंदवह्या कोणाला द्यायच्या हे गुरुवारच्या बैठकीत ठरणार होतं. चारशे बारा वह्या. निदान सहा वर्षांचं काम. ते मिळालं तर दुकान उभं राहणार होतं, नाहीतर राजधानीतला एक मोठा कारखाना टपलेला होता, यंत्रं असलेला. बाबा म्हणाले, "मी त्याला सांगून आलो. म्हटलं, गुरुवारी मी ते पुस्तकच घेऊन येतो. परक्या माणसाला आमचं काम दिसलं, आपल्यांना दिसू नये? पान उघडून समोर ठेवतो."

मी पुस्तक मिटून पुन्हा कागदात गुंडाळलं.

दुसऱ्या दिवशी आत्या बाजारातून आली ती पिशवी तशीच धरून माझ्यापुढे उभी राहिली. "काय गं, नगराध्यक्ष शाळेच्या समारंभात बोलले म्हणे, की त्या पुस्तकात ज्यांनी परक्यापुढे रडगाणं गायलं, त्यांना नगरपालिकेचं काम देऊ नये. कोण गं रडलं?"

मी तिला सगळं सांगितलं. ती पिशवी खाली ठेवून स्टुलावर बसली, आणि पहिला प्रश्न तिने काय विचारावा? "मग चहाचं?"

"चहाबद्दल काही नाही गं आत्या."

"काहीच नाही?"

"पातळ आणि गोड, एवढंच आहे."

"मेला!" ती म्हणाली. मग उठून दाराकडे बघून हळूच, "दादाला सांगून टाक."

"कसं सांगू? दोन दिवस ते शीळ घालतायत."

"तर मग ते पुस्तक खळीच्या भांड्यात पडू दे. अपघात होतात माणसांचे."

"वाचनालयाचं आहे ते."

"बारा गावचं पाणी पिऊन आलेला तो वहीवाला, आणि आमच्या डोक्याला ताप." तिने कपाळावर हात मारला. "अकरा दिवस. अकरा दिवसांत मला आपल्या शेजारणीचा स्वभावसुद्धा कळला नसता."

मला सुचलं ते एकच. पुस्तक गुरुवारपर्यंत बांधून होऊ द्यायचं नाही. सोमवारी मी शिवलं आणि दुपारी दोन जुज उलटे लागले म्हणून उसवलं. मंगळवारी दोरा तीनदा तुटला. बाबा म्हणाले, "मेण लावतेस की नुसतीच वास घेतेस?" बुधवारी सकाळी त्यांनी मला सुतळी आणि पुठ्ठा आणायला पाठवलं. जाताना मी पुस्तक जुन्या कागदांखाली सरकवून गेले.

परत आले तेव्हा सगळे जुज टेबलावर एका ओळीत मांडलेले होते. कापण्याआधी बाबा नेहमी प्रत्येक पानाचा समास मोजून घ्यायचे, अक्षर किती कडेला आलंय ते बघायला. त्यांनी चष्मा कपाळावर नेला होता आणि एक पान नाकाशी धरलं होतं. छापील मजकूर त्यांना वाचता येत नव्हता. समासातला येत होता. तो आमच्या भाषेत होता.

माझ्याकडे न बघता त्यांनी वाचलं, "'चौकातलं घड्याळ त्या आठवड्यात माझ्याकडे दुरुस्तीला होतं. पुस्तकात म्हटलंय तसं चौदा वर्षं बंद नव्हतं. तीन वर्षांत एक मिनिट मागे पडलेलं नाही. घड्याळजी, चौक.'" पान खाली ठेवलं. दुसरं उचललं. "'आरशाशेजारचं चित्र त्यांच्या राजाचं नाही. साबणाच्या जाहिरातीतला माणूस आहे. वाटेल तेव्हा येऊन पाहा. न्हावी.' 'रस्त्यांबद्दल लिहिलंय ते मात्र खरं.' 'अगदी खरं.' 'तिसरा माणूसही सहमत.'" मग तिसरं पान. हे त्यांनी आधीच वाचलं होतं, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. "'बाइंडर रडत नव्हता. मी तिथे हजेरीबुक न्यायला आलो होतो. चामड्याच्या व्यापाऱ्याला शिव्या देत होता. शिव्या इथे लिहिता येत नाहीत.'"

मी पुठ्ठा हातात धरून उभी होते.

"याचा अर्थ पुस्तकात लिहिलंय की मी रडत होतो."

"हो बाबा."

"वाच."

मी वाचलं. या वेळी प्रत्येक शब्द. आतून भांड्यांचा आवाज येत होता तोही थांबला. आत्या दाराआड उभी होती. बाबांनी मध्ये एकदाही विचारलं नाही. संपल्यावर ते खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिले. एक हातगाडी गेली. मला वाटलं आता रागावतील, आणि मला ते हवंच होतं.

"त्याची वही मी उसवून पुन्हा शिवली," ते अखेर म्हणाले. "मागच्या बाजूला जादा पुठ्ठा घातला, प्रवासात मोडू नये म्हणून." मग माझ्याकडे वळून, "तुझ्याबद्दल नाही काही?"

"आहे."

"वाच."

त्या ओळी मी पहिल्यांदा नजरेनेच गिळल्या होत्या. 'म्हाताऱ्याची मुलगी खिडकीखाली बसलेली असते. ती मान वर करत नाही, एक शब्द बोलत नाही. तिच्या मौनात तिच्या देशाचं शतकानुशतकांचं मौन आहे. जी पुस्तकं ती आयुष्यभर शिवेल, त्यातलं एकही तिला कधी वाचता येणार नाही.'

स्वतःबद्दल ऐकताना हललेला नव्हता तो माणूस खुर्ची मागे लोटून उभा राहिला. "अरे, दोरा होता तिच्या तोंडात! गाढवा, दोरा होता!" ते भिंतीला म्हणाले, जणू वहीवाला तिथे बसलाय. "विचारायचं तरी होतंस!"

आत्या दारातून म्हणाली, "आणि चहा पातळ म्हणे!"

"तू गप्प बस. चहा पातळच असतो तुझा."

त्याच पानाच्या तळाशी, समासात, मुंगीएवढ्या तिरक्या अक्षरांत काहीतरी होतं. बाबांनी ते माझ्यापुढे धरलं. 'ही मुलगी वाचनालयातलं प्रत्येक पुस्तक वाचते. म्हणूनच बांधणीला गेलेली पुस्तकं वेळेवर परत येत नाहीत. याबाबत दोनदा तोंडी समज देण्यात आली आहे.' ते अक्षर वाचनालयाच्या प्रत्येक कार्डावर होतं. ग्रंथपालांचं. दोन बोटं का कापायची होती ते आता कळलं. चोराच्या मनात चांदणं.

बाबा हसले नाहीत, पण बसले. "तू खोटं वाचलंस."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"त्यानेही तेच केलं," ते म्हणाले. "त्याला ऐकायला बरं वाटेल ते लिहिलं. फरक एवढाच की तो माझा कोणी लागत नाही." या बाबतीत ते मला आयुष्यात एवढंच बोलले. मला ते पुरलं.

आत्याचं मत होतं की बैठकीला जाऊ नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाबा म्हणाले, "मूठ गावभर उघडी आहे. फक्त मलाच बंद दिसत होती. मी येतो म्हणून सांगितलंय, तर जाणार." त्यांनी जुज तसेच, न शिवता, दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधले आणि दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेतलं.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल, वर पंखा, कोपऱ्यात कागदपत्रांची कपाटं. नगराध्यक्ष मधल्या खुर्चीत. त्यांचा कोट नेहमीप्रमाणे खुर्चीच्या पाठीला लावलेला. तीन सभासद, त्यातले एक पूर्वी नोंदवह्यांच्या खोलीतच कारकुनी करून निवृत्त झालेले. बाबांना कोपऱ्यावर भेटलेला आमचा कारकून टिपणं घेत होता.

"या बाइंडर," अध्यक्ष म्हणाले. "पुस्तक आणणार होतात असं ऐकलं. धीर आहे तुमचा. त्यात तुम्ही कोणासाठी रडलात ते आम्ही सगळ्यांनी वाचलंय."

बाबांनी पुठ्ठ्याची दोरी सोडली.

"साहेब, मला त्यांची भाषा वाचता येत नाही. समासातलं वाचता येतं. मी एक विचारायला आलोय. पुस्तक नगरपालिकेच्या वाचनालयाचं, म्हणून तुम्हालाच विचारतो. ग्रंथपाल म्हणतात, दोन बोटं काप. दोन बोटं कापली की हे सगळं जातं. कापू का?"

"हे सगळं म्हणजे काय?"

बाबांनी घड्याळजीचं वाचलं. मग न्हाव्याचं. साबणाच्या माणसापाशी एक सभासद फिस्कन हसला. "खरंच आहे हो, मी तिथेच दाढी करतो!" रस्त्यांचं आलं तेव्हा कोणी हसलं नाही, कारकुनाने लिहिणं थांबवलं. मग बाबांनी स्वतःचं वाचलं, शिव्यांसकट, म्हणजे शिव्या लिहिता येत नाहीत हे वाचलं.

"आता हे एक," ते म्हणाले, आणि पान सरळ अध्यक्षांसमोर ठेवलं. "हे अक्षर मला लागत नाही."

नऊ वर्षं बाबा बैठकांची इतिवृत्तं बांधत होते; त्यांवर अध्यक्षांच्या हातचे शेरे असत. त्या अक्षरातली प्रत्येक वेलांटी त्यांना पाठ होती. त्या पानावर वहीवाल्याने नगरपालिकेतल्या एका लठ्ठ अधिकाऱ्याचं वर्णन केलं होतं: गेलेल्या धन्यांचा उसना कोट घालून तो त्यांच्यासारखा चालायचा प्रयत्न करतो. आणि शेजारी, निळ्या शाईत, दाबून, लिहिलेलं होतं: 'कोट माझा आहे. माझ्या आईने शिवलेला. उसना नाही.'

अध्यक्षांनी वाचलं. पंखा फिरत होता. त्यांनी पान उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. कोणाचं लक्ष आहे का ते बघितलं. सगळ्यांचं होतं.

"काय लिहिलंय?" शेजारच्या सभासदाने मान लांब केली.

"काही नाही. कपड्यांबद्दल आहे." मग घसा खाकरून, पण आवाज निराळा, "कापू नका."

"बरं. आणखी एक, साहेब. पुष्कळांची जागा पुरलेली नाही. तिसऱ्या पानावर एकजण कडेकडेने गोल फिरत गेलाय. मी त्या प्रकरणात प्रत्येक पानाआड एक कोरं पान शिवून देऊ का? बांधणीत तसं करता येतं."

"पुस्तक जाड होईल."

"होईल की."

तेवढ्यात ते निवृत्त कारकून, जे इतका वेळ डोळे मिटून बसले होते, ते म्हणाले, "राजधानीचा कारखाना कडा यंत्राने कापतो ना?"

"हो. एका दमात पन्नास वह्या," आमचा कारकून म्हणाला.

"मग आपल्या जमिनीच्या वह्यांचं काय करायचं? मधला मजकूर परक्या सरकारने लिहिलाय. कोणाची जमीन खरी कोणाची, वारस कोण, कोणाच्या नावावर चुकून कोणाचं शेत चढलं, हे सगळं आमच्या लोकांनी ऐंशी वर्षं समासात लिहिलंय. मी स्वतः चौतीस वर्षं लिहीत होतो. कापल्या कडा, की राहिलं काय? फक्त त्यांचंच."

अध्यक्षांनी बाबांकडे बघितलं. "तुम्ही काय कराल?"

"मी समासाला सुरा लावणार नाही," बाबा म्हणाले. "फाटलेल्या कडांना मागून पातळ कागद लावीन. वेळ लागेल."

"किती?"

"सहा वर्षं. मुलगी मदतीला आहे. ती वाचते, त्यामुळे थोडा उशीर होतो."

काम आम्हाला मिळालं. चार मतं, विरोधात कोणी नाही. परत येताना बाबांनी कोपऱ्यावर थांबून पान घेतलं आणि मला म्हणाले, "कोटाचं मला वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं. त्याची आई गेल्या वर्षीच गेली." घरी येऊन त्यांनी पुस्तक शिवायला घेतलं. ते एवढं एकच पुस्तक त्यांनी मला शिवू दिलं नाही.

वहीवाल्याने पुढे आणखी सात पुस्तकं लिहिली, वेगवेगळ्या देशांवर. तो आमच्या गावात परत आला नाही आणि त्याला यातलं काही कळलं असेल असं वाटत नाही. मी त्याची दोन वाचली. लिहायचा छान. ज्या गावांबद्दल त्याने लिहिलं तिथली घड्याळंही बहुतेक बंदच निघाली.

ग्रंथपालांनी स्वतःला दंड केला की नाही, ठाऊक नाही. पण त्या पुस्तकाला त्यांनी यादीत वेगळा क्रमांक दिला आणि शेजारी दोरीला पेन्सिल बांधून ठेवली. एकोणऐंशी साली ते निवृत्त झाले आणि धाकट्या भावाकडे राहायला गेले. अध्यक्ष पुढच्या निवडणुकीत पडले, त्याच्या पुढच्या निवडणुकीत पुन्हा आले, आणि ऑफिसातच, काम करता करता वारले. निवृत्त कारकून पहिल्या वर्षी आठवड्यातून एकदा दुकानात येऊन आपलंच जुनं अक्षर बघत बसायचे. दुसऱ्या वर्षापासून आले नाहीत.

आत्या एकोणनव्वद वर्षांची होऊन गेली, तल्लख डोक्याने. मी लग्न उशिरा केलं, घड्याळजीच्या मुलाशी, आणि पुढे नोंदवह्यांच्या खोलीत नोकरीला लागले. एकतीस वर्षं तिथेच होते. आता तिथे सगळं संगणकावर चढवलंय. चढवणारी मुलगी हुशार होती. समासाचा वेगळा फोटो काढायचा हे तिने न सांगता केलं.

बाबांना सहाऐवजी साडेसात वर्षं लागली. चारशे बारावी वही देऊन आले त्या दिवशी त्यांनी हात धुतले, जेवले, आणि दोन दिवस झोपून काढले. त्यानंतर अकरा महिने ते जगले. काम मागायला लोक येत, ते म्हणत, "आता तिला विचारा," आणि खिडकीखालच्या माझ्या स्टुलावर बसून रस्ता बघत.